कारणाचा रकाना

काळुराम भोईर शाळेत गेला तो टाचेमुळे. बाळकुमच्या मिठागरात बापाबरोबर खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून नवव्या वर्षी त्याच्या टाचेला भेग पडली आणि ती चिघळली. वैदूनं बजावलं, सहा महिने पोराला पाण्यात उतरवू नका. घरी ठेवावं तर आई नव्हती आणि मावशी दिवसभर मजुरीला जाई. बाप पंढरी होडीतून ठाण्याच्या बंदरावर मीठ पोचवायचा. तो पोराला होडीत घालून न्यायचा आणि बंदराजवळच्या शाळेच्या ओट्यावर सावलीला बसवून कामाला जायचा. आत मुलं बाराखडी घोकत. बाहेर काळू धुळीत बोटानं तीच अक्षरं गिरवी. महिन्याभरानं तिथल्या मास्तरांनी त्याला आत घेतलं. पुढे टाच बरी झाली, पण पोरगा मिठागरात परतला नाही.

सन १८७६ साली तो सत्तावीस वर्षांचा होता आणि बाळकुमच्याच शाळेत मास्तर होता. आगऱ्याचा मुलगा मास्तर झाला याचं गावाला कौतुक होतं आणि थोडा धाकही. घरी बायको सगुणा आणि तीन वर्षांची शालू. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. ‘काल्या’ म्हणणारी एकटी रंगूबाई उरली होती. ती त्याची मावशी, आईच्या मागे त्याला वाढवणारी. रंगूबाई गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते जिला सगळे पाठ ती धवलारीण. तिनं गाऊन बोलावल्याशिवाय देव मांडवात पाऊल ठेवत नाहीत, असं गाव मानायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत एक छापील कागद आला. जिल्ह्यातले एक बडे साहेब इथल्या लोकांच्या देवधर्मावर पुस्तक लिहीत होते आणि त्यांनी गावोगावच्या मास्तरांकडून माहिती मागवली होती. कागदावर पाच रकाने होते. देवाचं नाव, ठिकाण, पूजेची वस्तू, नैवेद्य आणि शेवटी पूजेचं कारण. खाली बारीक अक्षरात सूचना होती: ‘कारण थोडक्यात लिहावे. जसे भीती, रोग, पाऊस, संतती.’

काळुरामनं मुलांना सुट्टी दिली आणि दोन तासांत कागद भरून टाकला. गाव त्याचंच, देव त्याचेच, विचारायचं कुणाला? येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. कारण: वाघाची भीती. गावदेवी: पटकी-देवीच्या रोगांची भीती. खाडीला नारळ: बुडण्याची भीती. अक्षर मोत्यासारखं होतं आणि शेवटचा रकाना कसा एकसारखा दिसत होता.

ठाण्याच्या कचेरीत हे कागद गोळा करायचं काम गोपीनाथराव टिपणिसांकडे होतं. मोठे वाचणारे गृहस्थ. संस्कृत जाणत, इंग्रजी पुस्तकं मागवून वाचत. त्यांनी कागद पाहिला आणि काळुरामला खुर्ची दिली.

“उत्तम! साहेबांना हेच हवं आहे,” ते म्हणाले. “त्यांचा सिद्धांत असा, की माणूस आधी घाबरतो. घाबरून भुतं मानतो, भुतांचे देव करतो, आणि शेवटी शहाणा झाला की एका देवापाशी पोचतो. पायऱ्या आहेत. कुठलं गाव कुठल्या पायरीवर आहे, एवढंच त्यांना ठरवायचं आहे.”

“तुम्हालाही असंच वाटतं?”

“छे! माझं मत निराळं आहे. सगळे देव मुळात सूर्य. वाघोबाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे किरणं. पण साहेब ऐकायला हवेत ना!”

काळुराम खुशीत घरी आला. टेंभी नाक्यावरून बाळकुमपर्यंतची वाट त्याला त्या दिवशी लांब वाटली नाही.

संध्याकाळी रंगूबाई अंगणात सुकत घातलेली सोडे-सुकट आवरत होती. कागदाची बातमी तिच्या कानावर आली होती. “वाच रं काल्या, काय लिवलंस आमच्या देवांचा,” ती म्हणाली.

काळुरामकडे नक्कल होती. त्यानं ती वाचली. रंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं, टोपली बाजूला ठेवली आणि विचारलं, “यो कोनच्या गावचा लिवलंस?”

“आपल्याच. बाळकुमचं.”

“मंग मना कसा नाय ठाव?” ती म्हणाली. “वाघोबा गावदेवीचा भाऊस हाय. बहिनीच्या गावान लगीन, तं भावाला नको बोलवाया? तू शालूच्या बारशाला माज्या भावाला बोलावलंस. कनाला? घाबरून?”

“पण लोक घाबरतातच ना, मावशी?”

“त्यांना इचारलंस?”

नव्हतं विचारलं. चाळीस घरांच्या देवांची कारणं त्यानं लिहिली होती आणि एकाही घराची पायरी चढला नव्हता. जे लिहिलं ते त्याला कुठून माहीत होतं? विचार करता करता त्याच्या ध्यानात आलं, की कागदावरच ‘भीती’ छापलेलं होतं. त्यानं फक्त ते प्रत्येक ओळीत उतरवलं होतं. शाळेत एखादा मुलगा शेजाऱ्याची पाटी बघून गणित उतरवी, तेव्हा काळुराम त्याला उभं करायचा. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी उठून तो सगुणेला म्हणाला, “तो कागद खोटा आहे. मी दुसरा लिहिणार. वर्ष लागलं तरी चालेल.”

वर्ष नव्हे, पावणेदोन वर्षं लागली.

पहिल्यांदा तो परशुरामकडे गेला. परशुराम डोंगरात लाकडं तोडायला जाई. तो सरळ म्हणाला, “मी घाबरतंय, मास्तर. वाघ दोनदा बघलाय मी. हात जोरल्याबिगर रानान पाय टाकत नाय.” मावशीचं ऐकून ‘भीती’ खोडायला निघालेला काळुराम चपापला. म्हणजे भीतीही खरी होती, पण ती परशुरामची होती. शेजारच्या कमळाबाईला विचारलं तर ती हसायलाच लागली. सासू करायची म्हणून मी करते, यात कारण कसलं? आणि विठ्ठल पाटलाच्या घरात वाघोबाला पहिला नारळ फोडायचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्याला वाघाशी काही कर्तव्यच नव्हतं. तो मान चुलत्यांच्या घरात जाऊ नये, एवढंच त्याला बघायचं होतं.

एका दगडाची चार कारणं झाली. रकाना होता बोटभर रुंदीचा. काळुरामनं रकाने सोडून दिले आणि कोरी वही घेतली. वहीत तो प्रत्येक गोष्ट कुणी सांगितली त्याचं नाव लिही. कुठे बसून सांगितली तेही लिही, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की विठ्ठल पाटील चावडीवर एक सांगतो आणि शेतात दुसरं. जे कळलं नाही त्याच्यापुढे तो फुली मारी. पहिल्या वहीत फुल्याच जास्त होत्या.

मग कुजबूज सुरू झाली. मास्तर सरकारसाठी देव लिहून घेतो आहे. लिहून झाले की दगडाखालची जमीन सरकारजमा होणार. बायका त्याला बघून दाराआड जाऊ लागल्या. एके दिवशी विठ्ठल पाटलानं त्याला चावडीवर बोलावलं. आठ-दहा माणसं बसली होती.

“मास्तर, शालेन पोरांना शिकवा,” पाटील म्हणाला. “देवांच्या पाठी लागू नका.”

“मी कुणाच्या पाठी लागलेलो नाही.”

“मंग लिवता कनाला?”

“एकदा खोटं लिहून दिलं म्हणून,” काळुराम म्हणाला. “सरकारकडे आपल्या गावाचा एक कागद गेलाय आणि तो माझ्या हातचा आहे. तो तसाच राहिला तर उद्या लोक म्हणतील, बाळकुमची माणसं अशी होती. तुम्ही बोलला नाहीत तरी मी बसून राहीन. मी इथलाच आहे. मला गावाच्या मांडवात बसायला बंदी करणार का?”

मांडवात बसायला बंदी म्हणजे वाळीत टाकणं. तेवढं पाटलाच्याही मनात नव्हतं. तो नुसता हुंकारला. काळुरामनं तो होकार धरला.

मावशीनं मात्र त्याला आणखी अडवलं. एका दुपारी तो वही घेऊन तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, “देव बोलावायचा धवला सांग. लिहून घेतो.”

“मांडव कुठं हाय?” रंगूबाईनं विचारलं.

“मांडव नाही. नुसता सांग.”

“देवांना हाक मारू, नि ते आलं तं बसवू कुठं? तुज्या वहीवर?” ती उठूनच गेली.

मार्गशीर्षात पाटलाच्या पुतण्याचं, गोविंदाचं, लग्न निघालं. काळुराम सकाळीच वही-दौत घेऊन मांडवात गेला आणि खांबाशी बैठक मारली. पाच मिनिटंही झाली नसतील. घरचा माणूस बसून काय करतो? कुणी त्याला विहिरीवर पिटाळलं, कुणी आंब्याचे डहाळे बांधायला शिडीवर चढवलं. दौत कुणाच्या तरी पायानं लवंडली. चिडून तो मावशीला म्हणाला, “मला जरा बघू दे ना!”

“बघ की,” ती म्हणाली. “हात रिकामं ठेवून काय दिसनार हाय तुना?”

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला आणि कामाला लागला. बायकांनी तांदळाच्या पिठानं चौक भरला. रंगूबाई भिंतीला पाठ टेकून बसली, डोळे मिटले आणि तिनं संथ सुरात हाका घालायला सुरुवात केली. पहिली हाक गावदेवीला. मग खाडीला, शेतांच्या बांधांना, गेलेल्या वाडवडलांना एकेकाचं नाव घेऊन. त्या नावांत काळुरामच्या आईचं नाव आलं. एवढ्या लग्नांत तो जेवला होता, पण हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं, कारण पुरुष त्या वेळी बाहेर पान-तंबाखू करत. मग आवाज जरा चढला:

“येऊरच्या डोंगरीं तू रं वाघोबा,
बहिनीचे मांडवीं ये, भाऊराया.”

एक पाट रिकामा मांडलेला होता. “काल्या, तांदूल ठेव,” मावशी डोळे न उघडताच म्हणाली. काळुरामनं ओंजळभर तांदूळ पाटावर ठेवले आणि हात जोडले. जोडून झाल्यावर त्याला कळलं की आपण जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आठवून आठवून सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘पाटावर तांदूळ मी ठेवले. हात मी जोडले. का, ते मला सांगता येत नाही.’ आणि त्याच्यापुढे फुली मारली.

हीच त्याची रीत झाली. सतरा लग्नं, चार बारशी, दोन उत्तरकार्यं आणि गावदेवीची एक जत्रा. आधी पडेल ते काम करायचं, दुसऱ्या दिवशी लिहायचं. लिहिलेलं मावशीला वाचून दाखवायचं, आणि ती हसली की तेवढं खोडून पुन्हा विचारायला जायचं.

१८७८ च्या भाद्रपदात तो तीन वह्या फडक्यात बांधून ठाण्याला गेला. गोपीनाथरावांनी पहिली वही चाळली, दुसरी चाळली आणि चष्मा काढला.

“मास्तर, यात निष्कर्ष कुठे आहे?”

“जे पाहिलं ते आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं आहेत.”

“अहो, पण साहेब शंभर गावांचं पुस्तक लिहितात. एका दगडाला ते सात पानं देणार? एक ओळ लिहा. भीती नको असेल तर नातेसंबंध लिहा. पण काहीतरी एक लिहा.”

“एक लिहिलं की बाकीचे तिघे खोटे पडतात, रावसाहेब.”

गोपीनाथराव चिडले, पण माणूस सरळ होता. त्यांनी त्याला साहेबांसमोर नेलं. साहेब मराठी स्वच्छ बोलत. त्यांनी तिसऱ्या वहीतला लग्नाचा भाग गोपीनाथरावांकडून वाचून घेतला आणि मध्येच हात वर केला.

“मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही स्वतः वाघोबाला मानता काय?”

कचेरीतले दोन कारकून मान वर करून बघू लागले. हो म्हणावं तर अडाणी ठरणार, नाही म्हणावं तर गावाला काय तोंड दाखवणार?

“साहेब, मी हात जोडतो. ते वहीत लिहिलं आहे. त्याचं कारण मला स्वतःलाच एका शब्दात सांगता येत नाही. मग शेजाऱ्याचं कसं सांगू?”

साहेबांनी वही मागून घेऊन मिटली. मग म्हणाले, “तुम्ही प्रामाणिक आहात. पण प्रत्येकाचं प्रत्येक म्हणणं लिहीत बसलो तर शास्त्र होणार नाही. शास्त्राला नियम पाहिजे.”

“नियम तुम्ही करा, साहेब. फक्त माझा पहिला कागद परत द्या. तो मी कुणालाही न विचारता लिहिलेला आहे.”

“तो हस्तलिखितात गेला. हस्तलिखित छापखान्यात गेलं.”

“तर मग छापखान्याला पत्र लिहा.”

गोपीनाथरावांनी त्याचा कोट मागून ओढला. साहेबांना मात्र राग आला नव्हता. त्यांनी वह्या परत केल्या, कागद दिला नाही आणि घड्याळ पाहिलं. भेट संपली. काळुरामनं तिथेच बाहेरच्या बाकावर बसून अर्ज लिहिला आणि तो टपालात टाकूनच गावी परतला. पुढच्या वर्षभरात त्यानं असे पाच अर्ज धाडले. उत्तर एकाचंही आलं नाही.

पुस्तक १८८१ साली आलं. गोपीनाथराव स्वतः एक प्रत घेऊन बाळकुमला आले आणि शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी बाळकुमबद्दलच्या चार ओळी मराठी करून सांगितल्या. खाडीकाठचे आगरी अजून खालच्या पायरीवर असून वाघ, रोग आणि पाणी यांच्या भीतीपलीकडे त्यांच्या धर्माला आशय नाही, असं ‘तेथील एका सुशिक्षित स्थानिक मास्तराच्या’ हवाल्यानं छापलं होतं.

“माझा सूर्यही गाळला त्यांनी,” गोपीनाथराव पडेल आवाजात म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नका. गावात इंग्रजी कोण वाचतं? कुणाला कळणार नाही.”

“मला कळलं ना,” काळुराम म्हणाला.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. भात कापून झालेलं, मिठागरांची बांधबंदिस्ती अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे माणसं मोकळी होती. काळुरामनं रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळासमोर सगळ्यांना बोलावलं आणि पुस्तकातल्या ओळी मोठ्यानं सांगितल्या. शेवटी म्हणाला, “हे ज्या मास्तरानं लिहून दिलं, तो मीच.”

गलका उठला. विठ्ठल पाटील ताडकन उभा राहिला. “आमी खालच्या पायरीचं? नि तू वरच्या?” कुणी म्हणालं, याला शाळेतून काढा. कुणी त्याच्या बापाचं नाव काढलं. काळुराम जागचा हलला नाही. गलका जरा ओसरल्यावर म्हणाला, “मला बोला, मी ऐकतो. पण त्यानंतर मी दुसरंही लिहिलंय. ते ऐका, आणि मग मला काय करायचं ते करा.”

त्यानं पहिली वही उघडली. परशुरामचं नाव आलं तसा परशुराम पुढे सरकला. “बराबर. तसाच बोललो मी.” कमळाबाईचं वाचलं तेव्हा बायकांत हशा पिकला. पाटलाच्या मानाचं वाचू लागला तसा पाटील बोट रोखून म्हणाला, “थांब! पहिला नारल माज्या आज्यापासून नाय, पनज्यापासून. खोर ते.” काळुरामनं दौत उघडली आणि तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मग कोण थांबतो? ज्यांनी पूर्वी दारं लावून घेतली होती, तेच बोलू लागले. दोन म्हातारे वाघोबाच्या जागेवरून एकमेकांशी भांडले, आणि काळुरामनं दोघांचंही लिहून घेतलं. ऊन डोक्यावर आलं, बायकांनी भाकरी तिथेच आणल्या. रंगूबाई देवळाच्या पायरीवर बसून होती. कितीतरी फुल्या त्या एका दिवसात खोडल्या गेल्या. जितक्या खोडल्या, तितक्याच नव्या पडल्या.

गोपीनाथरावही त्या दिवशी ठाण्याहून पुन्हा आले होते आणि हे सगळं वडाखाली उभं राहून बघत होते. निघताना म्हणाले, “मास्तर, हे कुणी छापणार नाही.”

“नाही छापलं तरी गावानं तपासलंय, रावसाहेब. साहेबांचं पुस्तक कुणी तपासलं?”

तेवढ्यावर भागलं नाही. मास्तर साहेबांचं पुस्तक गावासमोर खोटं पाडतो, अशी शिक्षणखात्यात कुणीतरी कुरबूर केलीच, आणि पुढच्या चैत्रात काळुरामची बदली डोंबिवलीच्या शाळेवर झाली. त्या काळी डोंबिवली म्हणजे रेल्वेच्या कडेची भातशेतं आणि विखुरलेले पाडे. रंगूबाई बाळकुम सोडून यायला तयार नव्हती. सगुणेनं भांडी गोणत्यात भरली, शालूनं वह्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती तिघं ठाण्याच्या स्टेशनावरून गाडीत बसली.

डोंबिवलीचे आगरी बोलायला बाळकुमसारखेच, पण पहिल्याच आठवड्यात काळुरामला कळलं की इथे वाघोबा गावदेवीचा भाऊ नाही. इथे तो तिचा राखणदार होता, आणि त्याचा पाट मांडवाबाहेर मांडत. बाळकुमचं इथे लागू करायचं नाही, हे त्यानं वहीच्या पहिल्या पानावर स्वतःसाठी लिहून ठेवलं. शाळा सुटल्यावर तो चालत एका पाड्यावर गेला. एक मोठं कुटुंब मांडवासाठी खड्डे खणत होतं. यजमान मारुती म्हात्रे घाम पुसत म्हणाला, “काय पायजे, मास्तर?”

“काही नाही,” काळुराम म्हणाला. त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला. “दुसरी पहार आहे का?”